आंबवलेले सर्व पदार्थ

“दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण आपण उचलायचं नाही, गोजरा. आणि कुणी काही मागितलं तर असेल तर द्यायचं, नसेल तर नाही म्हणायचं. पण ‘कशाला हवंय’ असं विचारायचं नाही.”

सासूचं हे बोलणं गोजराबाईला चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं ऐकू यायचं. तेव्हा ती चांदवडला नुकती नांदायला आलेली, जेमतेम पंधराची. शेजारची बाई वाटीभर मीठ मागायला आली आणि गोजरानं सहज विचारलं, कशाला हो? बाई बिचारी सांगत बसली. मीठ घेऊन ती गेल्यावर सासूनं गोजराला मागच्या दारी नेलं आणि आवाज न चढवता वरचं सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली, “मीठ दिलंस, पण आधी तिला जबाब द्यायला लावलास. आता त्या मिठाचं पुण्य कसलं?”

पुढे नवरा गेला, सासू गेली. मूलबाळ नव्हतंच. गोजराबाई नाशिकला आली आणि गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला राहिली, त्याला आता वीस वर्षं झाली होती. बंगल्यामागच्या खोलीत ती, तिची रेणुकेची तसबीर, एक ट्रंक आणि एक मडकं. पहाटे गंगेवर, म्हणजे गोदेवर, स्नान, परत येऊन देवीपुढं दिवा, एकशे आठ मणी, आणि दिवसात कुणातरी भुकेल्याला एक पान वाढल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता. सांगितला असता तरी नीट ऐकू गेला नसता. ती इतकं हळू बोलायची की भाजीवाला “काय म्हणालात मावशी?” असं दोनदा विचारल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी हातात देत नसे.

बंगल्याच्या मालकीणबाई कुमुदिनीताई. त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. आवाज खणखणीत, अंगकाठी भरदार, आणि गरिबांविषयी मनात अतोनात कळवळा. हा कळवळा कुठेतरी ठेवायला हवा म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी ‘सदन्न साहाय्य मंडळ’ काढलं होतं. ‘सदन्न’ हा शब्द त्यांनी स्वतः शोधला होता, आणि तो सापडल्यावर पंधरा दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्याची फोड करून सांगितली होती. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा.

मंडळाचं काम चांगलं होतं, हे गोजराबाईनं कधी नाकारलं नसतं. एकलहऱ्याला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. तिथं पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं मातीकामाला येऊन झोपड्या टाकून राहिली होती. मंडळ त्यांना दर आठवड्याला एक पिवळं कुपन देई. ते नाशिकरोडच्या एका दुकानात दाखवलं की ठरल्या हिशेबात किराणा मिळे. दुकान ताईसाहेबांच्या धाकट्या दिरांचं होतं. हा योगायोग आहे, असं ताईसाहेब न विचारताच सांगत.

पहिली दोन वर्षं कुपनावर दुकानातलं काहीही मिळायचं. मग एके दिवशी मंडळाची बैठक भरली.

श्रावण संपत आला होता. दिवाणखान्यात वकीलीणबाई, डॉक्टरीणबाई आणि आणखी चौघीजणी बसल्या होत्या. गोजराबाईनं बटाटेवडे आणि साजूक तुपातला शिरा आणून ठेवला.

“मागच्या आठवड्यात एका बाईनं आपल्या कुपनावर शेव घेतली,” ताईसाहेब म्हणाल्या. “शेव. पावशेर.”

“अगं बाई,” असं म्हणून वकीलीणबाईंनी वडा मोडला.

“भाऊजींनी विचारलं तिला. तर म्हणे, मुलगा वर्षाचा झाला.”

“त्यांच्यात तारीख कळते वाटतं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सगळ्या मनमोकळ्या हसल्या.

“हसण्यावारी नेऊ नका गं. लोकांनी आपल्याला विश्वासानं दिलेलं आहे. ते शेवेत घालवायचं? यादी करायला हवी. काय घ्यायचं नाही याची यादी.”

यादी सुरू झाली. शेव-फरसाण गेलं. विडी-तंबाखू गेली, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. चहावर जरा थांबल्या.

“चहानं भूक मरते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आमचे हे नेहमी सांगतात.”

“मग त्यांच्या दृष्टीनं बरंच की,” वकीलीणबाई म्हणाल्या. पुन्हा हशा. चहा गेला, आणि चहाच्या मागोमाग साखर. नारळ गेला, कारण तो फोडायचा कुणापुढं, असा प्रश्न कुणीतरी विचारला आणि त्याचं उत्तर कुणालाच सुचलं नाही.

“गूळ,” ताईसाहेब म्हणाल्या.

“गुळात काय वाईट आहे? लोह असतं त्यात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“लोह नंतर. गूळ आणि नवसागर एकत्र झाले की हातभट्टी. पेपर वाचत नाही का तुम्ही? म्हणजे आपण इथं घसा कोरडा करून देणग्या मिळवायच्या आणि त्यांनी तिकडं घसा ओला करायचा?”

हे वाक्य ताईसाहेबांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. गूळ गेला. ज्वारी, मठाची डाळ, मीठ आणि थोडंसं तेल एवढं राहिलं. गोजराबाई दुसऱ्यांदा चहा घेऊन आली तेव्हा ताईसाहेब कागदावर सही करत होत्या. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, “गोजरा, साखर कमी पडली गं.”

आठ दिवसांत कुपनाच्या मागं यादी छापून आली.

*

दर सोमवारी ताईसाहेब गाडीतून एकलहऱ्याला जात. गोजराबाईला बरोबर नेत, कारण बाहेरचं पाणी त्या पीत नसत. गोजराबाईच्या हातात थर्मास, पाण्याचा तांब्या आणि चिवड्याचा डबा. गाडी फकिरा चालवी. तोही मूळचा खेड्यातलाच. पण ड्रायव्हरची टोपी घातली की खेडं विसरावं लागतं, हे तो बऱ्यापैकी शिकला होता.

नवी कुपनं वाटल्यानंतरच्या सोमवारी ताईसाहेब बायकांना गोळा करून स्वच्छतेवर बोलत होत्या. गोजराबाई थर्मास घेऊन बाजूला, एका झोपडीच्या सावलीला उभी होती. आतून एक म्हातारी बाहेर आली. हाडं दिसावीत इतकी वाळलेली; डोळे मात्र टवटवीत.

“बाई, तुमी मंडळाच्या का?”

“नाही. चुलीजवळची मी. स्वयंपाक करते.”

“मंग तुमाला कळंल,” म्हातारी म्हणाली. तिचं नाव आक्काबाई. तिचा लेक पुंजा कामावर खडी वाहायला होता. सून शकू आत निजली होती. तिला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते, आणि अंगावर दूध उतरत नव्हतं.

“नागली आनलीय गावाकून, तुमी नाचनी म्हनता ती. रोज आंबील करते पोरीसाठी. पन गुळाबिगर तिला ती जात नाय बाई. उलटून पडती. आन तिच्या पोटात गेल्याबिगर पोराला दूध कुठलं? परवा दुकानात गेले, तं दुकानदार म्हनतो, गूळ बंद. म्या म्हनलं, आरं, मीठ बंद व्हतं, रॉकेल बंद व्हतं, गूळ कसा बंद व्हईल? समोर तं ढेपा रचल्यात. म्हनतो, तुमच्यासाठी बंद.”

आतून बाळाचा आवाज आला. जोर नसलेला, मांजराच्या पिल्लासारखा.

“आनाल का बाई? एक खडा. फार नाय.”

“आणते,” गोजराबाई म्हणाली.

‘बघते’ म्हणाली नाही. तोंडातून एकदा ‘आणते’ गेलं की ते देवीपुढं घेतलेल्या नेमासारखंच, असं तिचं आयुष्यभराचं वागणं. आक्काबाईला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण तिनं गोजराबाईच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

पुढचा सोमवार येईपर्यंत गोजराबाईला बाहेर पडायला सवड नव्हती. घरात गणपती बसायचे होते, मोदक व्हायचे होते. तिच्या ट्रंकेत सव्वा शेर गूळ होता. चांदवडच्या रेणुकेला नवरात्रात वाटायचा म्हणून दरवर्षी ती आधीच आणून ठेवी. तो तिनं फडक्यात बांधला. देवीला विचारलं नाही. देवी काही ‘कशाला नेतेस’ म्हणणारी नव्हती.

*

त्या सोमवारी ताईसाहेबांनी स्वच्छतेवर भाषण केलं नाही. गाडीतून उतरल्या त्या तडक आक्काबाईच्या झोपडीकडं निघाल्या. त्यांच्या मागं थर्मास घेऊन गोजराबाई, आणि तिच्या पिशवीत तळाशी गूळ.

“भाऊजींचा निरोप आलाय,” ताईसाहेब वाटेत म्हणाल्या. “ही म्हातारी तीनदा गूळ मागून गेली. तीनदा. आता एवढं गुळावाचून कुणाचं अडतं, सांग बरं मला?”

गोजराबाईनं तोंड उघडलं, पण तोवर ताईसाहेब दारात पोचल्या होत्या.

शकू बाळाला घेऊन भिंतीशी बसली होती. बाळ रडत नव्हतं. चुलीशेजारी एक मातीचं मडकं होतं, वर पितळी झाकलेली. ताईसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. अजून वास यायचा होता, तरी लावला. मग वाकल्या आणि स्वतःच्या हातानं पितळी उचलली.

आत करड्या रंगाचं दाटसर पाणी, वर फेस, फेसात बारीक बुडबुडे. आंबटसर, उबदार वास झोपडीभर झाला. गोजराबाईला तो वास बघण्याआधीच ओळखता आला. चांदवडच्या घरी उन्हाळाभर ओट्याच्या कोपऱ्यात हाच वास असायचा.

“बघ,” ताईसाहेब म्हणाल्या. एखादा हरवलेला दागिना सापडावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता. “बघ, बघ. भट्टी. बाळंतिणीच्या उशाशी भट्टी.”

“आंबील हाय ती, बाई,” आक्काबाई म्हणाली. “पोरीची.”

“सगळे असंच म्हणतात,” ताईसाहेब म्हणाल्या. खरं तर असं म्हणणारं त्यांना आजवर कुणीच भेटलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं त्यांनी झाकण उचललेलं हे पहिलंच मडकं. “फकिरा, हे बाहेर नेऊन ओत.”

फकिरानं मडक्यात पाहिलं. “ताईसाहेब, ही तं—”

“ओत म्हटलं ना.”

“आंबील आहे ती,” गोजराबाई म्हणाली. जपमाळ ओढताना जेवढा आवाज निघतो तेवढाच निघाला. फकिराला ऐकू गेला. त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं, टोपी नीट केली, आणि मडकं उचलून बाहेर नेलं.

ओलसर मातीवर आंबील पसरली. मातीनं ती हळूहळू पिऊन टाकली. दोन कोंबड्या धावत आल्या.

आक्काबाईचं पिवळं कुपन ताईसाहेबांनी मागून घेतलं आणि त्याचे चार तुकडे केले. म्हातारीनं हात जोडले नाहीत, रडली नाही. तिनं फक्त गोजराबाईच्या पिशवीकडं पाहिलं.

आणि गोजराबाईला पिशवीत हात घालता येईना. ताईसाहेबांच्या डोळ्यांदेखत गूळ बाहेर आला असता, तर म्हातारीची भट्टी शंभर टक्के खरी ठरली असती. पोलीस पाटलापर्यंत गोष्ट गेली असती. थर्मास छातीशी धरून ती उभी राहिली. शकूनं बाळाचं तोंड पदराखाली घेतलं. तिथं काही नाही हे तिला आणि बाळाला, दोघांनाही ठाऊक होतं.

परत येताना ताईसाहेबांनी डबा मागून घेऊन चिवडा खाल्ला. बोकाणा भरून त्या म्हणाल्या, “काय घाण वास होता, नाही गं? अजून नाकातून जात नाहीये.”

आणि गाडी नाशिकरोडच्या पुलावर आली तेव्हा त्यांना काहीतरी आठवलं.

“हो, गोजरा. परवा महालक्ष्म्या जेवायच्या. आंबील आजच भिजव. गेल्या वर्षी पुरेशी आंबली नव्हती.”

फकिराच्या हातातलं चाक किंचित हललं. एवढंच.

ताईसाहेब लबाडी करत नव्हत्या, हे गोजराबाईला कळत होतं. लबाड माणसाला निदान दोन गोष्टी एकापुढं एक ठेवून बघाव्या तरी लागतात. वीस वर्षं महालक्ष्म्यांची आंबील गोजराबाई आपल्या खोलीमागं भिजवी, शिजवी, जिरं-खोबरं घाली आणि चांदीच्या वाटीतून ताटात जाईल अशी करून आत पाठवी. ती मडक्यात कशी दिसते हे ताईसाहेबांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. देवीला दरसाल काय खाऊ घालतो, हे त्या बाईला माहीत नव्हतं. अशा माणसाचा राग येत नाही. एखाद्या रिकाम्या डब्याकडं बघावं तसं नुसतं बघत राहावंसं वाटतं.

त्या दिवशी गोजराबाईनं दोन मडकी भिजवली. एक ज्वारीचं, देवीसाठी. बाजारातून वाटीभर नागली आणून दळली आणि दुसरं भिजवलं, आपल्या खोलीतल्या मडक्यात.

*

महालक्ष्म्यांच्या पूजेला दिवाणखाना भरला होता. सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, पंचामृत. देव जेवले, सवाष्णी जेवल्या आणि मग मंडळाच्या बायकांची पंगत बसली. गोजराबाई वाढत होती.

“आंबील काय सुरेख झालीये,” वकीलीणबाई म्हणाल्या. “आमच्याकडं अशी आंबटच होत नाही. कशी करता हो?”

“गोजरा सांगेल,” ताईसाहेब म्हणाल्या. “सांग गं.”

सगळ्यांची तोंडं भरलेली होती, त्यामुळं दिवाणखान्यात शांतता होती. गोजराबाईचा आवाज होता तेवढाच निघाला, पण आज तो शेवटच्या पाटापर्यंत गेला.

“पीठ पाण्यात कालवायचं, मडक्यात ठेवायचं. दीड दिवस. वर फेस येतो, बारीक बुडबुडे येतात, आणि वास येतो. परवा आक्काबाईच्या मडक्यातलीही हीच होती, ताईसाहेब. तिची नागलीची, ही ज्वारीची. तेवढाच फरक.”

डॉक्टरीणबाईंचा हात वाटीशी थांबला. त्यांनी वाटीत पाहिलं, मग ताईसाहेबांकडं. कुणीतरी उगाच पाणी प्यालं.

“आपली देवीची असते, गोजरा,” ताईसाहेब म्हणाल्या.

“तिची बाळंतिणीची होती.”

यापुढं खरं तर फार थोडं बोलायचं शिल्लक होतं. चूक झाली, एवढे दोन शब्द. ते कुणाच्याही ताटात वाढलेले नव्हते. वकीलीणबाईंनी तोंड पुसलं आणि मुद्दा आपल्याकडं घेतला.

“हे बघा, ती आंबील होती का दारू होती हा प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की बघणाऱ्याला ओळखता आलं नाही. म्हणजे यादीतच फट आहे. ती बुजवली पाहिजे.”

“म्हणजे?”

“आंबवलेले सर्व पदार्थ. एक ओळ वाढवायची.”

“पण आपण दुकानातले जिन्नस बंद करतो ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घरी पीठ आंबलं तर ते कसं बंद करणार?”

“लिहून घ्यायचं. कुपन देताना. ‘मी घरात काहीही आंबवणार नाही.’ खाली अंगठा.”

“मग दही?”

“दही कोण लावतंय त्यांच्यात?”

हसू फुटलं, आणि दिवाणखाना मोकळा झाला. ताईसाहेबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी वाटी पुढं केली. “गोजरा, वाढ. आणखी थोडी वाढ.”

गोजराबाईनं वाढली. सासूनं शिकवलं होतं, पुढं केलेली वाटी रिकामी ठेवायची नाही. मग पंगत उठताना तिनं विचारलं, “मग आक्काबाईचं कुपन?”

“फाडलेलं कुपन परत कसं देणार गं? मंडळाची काही इभ्रत आहे की नाही? पुढच्या वर्षी बघू,” ताईसाहेब म्हणाल्या.

पुढच्या वर्षी. बाळ आज अठरा दिवसांचं होतं.

*

महालक्ष्म्यांच्या दिवशी संध्याकाळी ताईसाहेब गोजराबाईला दरवर्षी काहीतरी देत, आणि देण्याआधी “काय हवं?” असंही विचारत. गोजराबाई दरवर्षी “तुम्ही द्याल ते” म्हणे. हा दोघींचा ठरलेला पाठ होता. या वर्षी गोजराबाईनं पाठ बदलला.

“गुळाची एक ढेप द्या, ताईसाहेब.”

“गूळ?” ताईसाहेब थबकल्या. “कशाला हवाय?”

वीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न गोजराबाईला पहिल्यांदाच विचारला होता, कारण वीस वर्षांत गोजराबाईनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. जबाब द्यायला लावणं म्हणजे काय, हे तिला चांदवडच्या मागच्या दारी ऐकून कळलं होतं. आज इथं उभं राहिल्यावर ते पायांपर्यंत उतरलं.

“आणि तुला गूळ सोसतो कुठं? तुझं पित्त मला माहीत नाही का?” ताईसाहेब मायेनं म्हणाल्या. ती माया खरी होती, आणि हेच त्यातलं सगळ्यात वाईट होतं. “तुझ्या भल्याचंच सांगते. त्यापेक्षा हे पातळ घे. बदामी आहे, तुझ्या वयाला शोभेल. उद्या कानवले लवकर कर हं, मंडळाच्या सगळ्या परत येणार आहेत. नवा मसुदा वाचायचाय.”

गोजराबाईनं पातळ दोन्ही हातांनी घेतलं. कोठीत पुरणासाठी आणलेल्या दोन ढेपा होत्या आणि कोठीची किल्ली तिच्याच कमरेला होती. तिनं कोठीकडं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी, महालक्ष्म्यांच्या विसर्जनाला, ती नेहमीसारखी पहाटे गंगेवर गेली. स्नान झालं, दिवा झाला, एकशे आठ मणी झाले. मग बंगल्याच्या स्वयंपाकघरात येऊन तिनं कणीक भिजवली, सारण केलं आणि कानवले तळले. पाच. देवीपुरते पाच. महालक्ष्म्यांपुढं नैवेद्य ठेवला, हात जोडले आणि चूल विझवली. उरलेल्या कणकेवर ओलं फडकं घातलं, सारणावर झाकण ठेवलं. अठरा पाहुणे जेवायला होते. तेही काही उपाशी राहणार नव्हते. त्यांच्या घरी खाण्यावर कुणी यादी लावलेली नव्हती.

कोठीची किल्ली तिनं खुंटीला अडकवली. बदामी पातळ घडी न मोडता किल्लीखालच्या फळीवर ठेवलं. आतून ताईसाहेबांचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी फोनवर सदन्न शब्दाची फोड करून सांगत होत्या.

खोलीत येऊन तिनं ट्रंक उघडली आणि गुळाचं फडकं पिशवीत ठेवलं. कोपऱ्यातलं मडकं उचललं. नागली छान आंबली होती. तोंडाला केळीचं पान बांधून वर पितळी ठेवली आणि ते नीट कडेवर घेतलं, मूल घ्यावं तसं.

फाटकाशी फकिरा गाडी पुसत होता.

“कुठं निघालात, मावशी?”

“एकलहऱ्याला.”

“आज?” त्यानं बंगल्याकडं पाहिलं. “आन कानवले?”

“देवीपुरते केलेत.”

फकिराच्या नाकाला वास गेला असावा. त्यानं मडक्याकडं पाहिलं, मग हातातलं फडकं पिळत बसला. थोड्या वेळानं टोपी काढली.

“ताईसाहेबांनी इचारलं तं काय सांगू?”

“त्या विचारतील, ‘कशाला गेली?’” गोजराबाई म्हणाली. “तुला वाटेल ते सांग.”

“गाडी काढू का? नाशिकरोडपोत सोडतो. पुलापल्याड सोडलं तं कुनाला कळायचं बी नाय.”

“नको रे. तुझ्या नोकरीला कशाला हात लावू. बसनं जाते.”

फकिरानं फाटक उघडलं. गाडीसाठी उघडतात तसं, दोन्ही फळ्या मागं सारून.

ऊन अजून कोवळं होतं. गोजराबाईनं सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. आजचं पान अजून वाढायचं होतं. मडकं हिंदकळू नये म्हणून एक हात पितळीवर ठेवून ती रस्त्याच्या कडेनं बसस्टॉपकडं चालू लागली.